पिवळ्या रंगाआधी

सत्तेचाळीस सालचा माघ सरत आला तेव्हा मिरजगावच्या जुन्या जिनिंगच्या गोदामात एक विमान तयार होऊन उभं होतं. फक्त रंग द्यायचा बाकी होता.

गोदाम आप्पासाहेबांचं. पुण्याला कॉलेजात असताना ते मुंबईला जाऊन जुहूला विमान चालवायला शिकले होते. वडील गेल्यावर शेती बघायला गावी परतले, पण नांगरटीच्या वेळीसुद्धा मालकांची मान वरच असते, असं गडी म्हणत. लढाई संपली, लष्कराचा जास्तीचा माल लिलावात निघाला, तेव्हा त्यांनी एक लहान इंजिन घेतलं आणि बैलगाडीत घालून गावात आणलं. लोकांना वाटलं, मळ्यातल्या विहिरीवर बसवणार. आप्पासाहेबांनी ते गोदामात उतरवलं आणि माणूस शोधायला नगरला गेले.

तो माणूस म्हणजे शांतवन भिंगारदिवे. मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकलेला आणि लढाईत हवाई दलात रिगर असलेला. इंजिन सोडून विमानाचं जे काही असतं, लाकूड, कापड, तारा, चाकं, ते सगळं रिगरनं सांभाळायचं. बर्माच्या बाजूला त्यानं तेच केलं होतं, आणि नोकरीतून सुटून आल्यावर नगरला खुर्च्या-टेबलं करत होता. आप्पासाहेबांनी विमानाचे नकाशे त्याच्यापुढं पसरले. त्यानं हातातला रंधा खाली ठेवला आणि बायकोला हाक मारली. महिनाभरात तो, मार्था आणि त्यांची लहानगी कृपा मिरजगावला गोदामाशेजारच्या खोलीत राहायला आले.

गावानं आधी पुष्कळ चेष्टा केली. सांगाडा उभा राहिला तशी ती कमी झाली. दोन माणसं एकामागं एक बसतील असं विमानाचं अंग, ते प्लायवूडनं मढवलेलं. पंखांवर सुती कापड. मार्थानं ते शिवणयंत्रावर जोडलं आणि मग लांब सुईनं एकेका फासळीला टाचलं. त्यावर डोप नावाचं वार्निशासारखं काहीतरी लावायचं, की वाळताना कापड आवळून ढोलकीसारखं ताठ व्हायचं. त्याचा वास इतका उग्र की तेवढे दिवस मार्था कृपाला घेऊन लांब लिंबाखाली बसायची. परवान्यासाठी मुंबईहून एक अधिकारी येऊन सांगाडा तपासून गेला होता. त्याला नाव ठेवायला जागा सापडली नव्हती.

पुण्याहून रंगही आणून ठेवला होता, पिवळाधमक. पाडव्याला विमान उडणार, असं आप्पासाहेबांनी चावडीवर सांगून टाकलं होतं.

"रंग शेवटी," शांतवन म्हणाला. "आधी त्याच्याखाली अस्तर."

"मग उद्या अस्तर मार."

"अस्तर मारायला एक सकाळ पुरते, आप्पासाहेब. त्याच्या तयारीलाच दिवस जातात."

तयारी म्हणजे नुसती घासाघास. प्लायवूडच्या सांध्यांवर, खिळ्यांच्या डोक्यांवर लांबीचा लगदा भरायचा, तो वाळला की काचकागदानं घासायची, डोळे मिटून वरून बोटं फिरवायची. बोट जिथं अडखळेल तिथं पुन्हा लांबी आणि पुन्हा काचकागद. इंजिनावरचा पत्रा रॉकेलनं धुवायचा. दुपारनंतर माळावरून वारा सुटला की धूळ आत यायची, म्हणून दारांना गोणपाटं ओली करून लावलेली. आप्पासाहेब सदरा काढून स्वतः घासायला बसत. संध्याकाळी दोघं पांढरेफटक होऊन बाहेर पडले की पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत.

सगळ्यात शेवटी अंगभर स्पिरिटचा हात. त्यानंतर अस्तर लागेपर्यंत कुणी विमानाला बोटसुद्धा लावायचं नाही. माणसाच्या हाताला तेल असतं, दिसलं नाही तरी असतं, आणि तेलावर अस्तर धरत नाही. शांतवननं गोदामाच्या दाराला दोरी आडवी बांधली आणि गड्यांना बजावून ठेवलं.

या साऱ्या काळात गोदामाकडं एकदाही न फिरकलेलं माणूस म्हणजे आप्पासाहेबांची आई, मालनबाई. घोडेगावच्या बाजूची, बैलांच्या व्यापाऱ्याची लेक. तिचा धाकटा मुलगा गहिनीनाथ पलटणीत गेला तो इटलीत पडला. त्यानंतर आप्पासाहेबांनी इंजिन आणलं. तिनं ना नको म्हटलं, ना बरं म्हटलं. जेवताना त्यांनी विमानाचा विषय काढला की ती म्हणायची, "भाकर घे." त्यावर कुणाला पुढं बोलता येत नसे.

स्पिरिट मारून झालं त्या दुपारी शांतवन, मार्था आणि आप्पासाहेब लिंबाखाली भाकरी खायला बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा नसताना अस्तर मारायचं ठरलं होतं. शांतवन पाणी प्यायला उठला आणि सहज गोदामात डोकावला.

आत मालनबाई होती. मागच्या लहान दारानं आली होती. तिथं दोरी नव्हती.

ती विमानाभोवती फिरत होती. देवळात मूर्तीभोवती फिरावं तशी नव्हे, बाजारात बैल बघावा तशी. नाकापासून मानेवरून तळवा दाबत मागं आली. पंख जिथं अंगाला मिळतो त्या बेचक्यात बोटं घालून चाचपलं. बरगडीवर मुठीनं ठोकून कान लावला. पुन्हा दोन पावलं मागं, पुन्हा तळवा. घरून निघताना तिनं गुडघ्यांना करडईचं तेल चोळलं होतं. फिकट लाकडावर तिच्या हाताचे काळपट ठसे उमटत चालले होते, पार शेपटापर्यंत.

"हात लावू नका!"

शांतवनचा आवाज त्याच्या मनात होता त्याहून कितीतरी मोठा निघाला. पत्र्याखाली तो घुमला.

मालनबाईनं हात सावकाश काढला. वळून बघितलं.

"काय म्हनलास?"

तेवढ्यात आवाज ऐकून आप्पासाहेब आले. ठसे बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "आई, अगं काय करून ठेवलंस हे! सगळी मेहनत मातीत गेली!"

तिनं लेकाकडं बघितलं, मग शांतवनकडं.

"भिंगारदिव्यांचा पोरगा मला म्हनतो, हात लावू नको," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "बरं." आणि ज्या दारानं आली होती त्याच दारानं निघून गेली.

दाराशी मार्था कृपाला कडेवर घेऊन उभी होती. त्या वाक्याचा अर्थ तिला सांगावा लागला नाही, कुणालाच लागला नसता. कुणी कुणाला शिवायचं नाही हे गावात लिहून ठेवलेलं नव्हतं, पण ते म्हणायचा मान नेहमी एकाच बाजूला होता. भिंगारदिव्यांना ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झाल्या तरी मिरजगावच्या हॉटेलात शांतवनची कपबशी वेगळ्या खिळ्याला टांगलेली असे.

"जाऊ दे," आप्पासाहेब थोड्या वेळानं म्हणाले. "उद्या अस्तर मारूनच टाकू. एवढ्या ठशांनी काय होतंय? वरून पिवळा बसला की कुणाला दिसतंय?"

"दिसणार नाही. पण तिथला रंग पावसाळ्यात पापडासारखा उचलेल. पाणी लाकडात जाईल."

"मग पुन्हा घासायचं?"

"पुन्हा."

आप्पासाहेब मळ्याकडं निघून गेले. मार्थानं कृपाला खाली उतरवलं. "अहो, घासायचं ते घासा. पण आधी त्यांच्याकडं जाऊन या."

"मी काही चुकीचं बोललो का? तेल लागलं म्हणून बोललो."

"तुम्ही काय बोललात ते मला ठाऊक आहे. त्यांना काय ऐकू गेलं, ते बघा."

ऊन कलल्यावर शांतवन आप्पासाहेबांच्या घरी गेला. मालनबाई ओसरीवर सुपात हुलगे निवडत बसली होती. तो अंगणात उभा राहिला. इतक्या महिन्यांत तो ओसरी कधी चढला नव्हता. चढू नको असंही कुणी म्हटलं नव्हतं.

"बाईसाहेब, दुपारी माझा आवाज चढला. तसं व्हायला नको होतं."

सूप हलत राहिलं.

"लाकूड अस्तराला तयार केलं होतं. त्यावर माझाही हात चालत नाही, आप्पासाहेबांचाही नाही. सकाळी मीच हाताला फडकं गुंडाळून काम केलं. तुमचं म्हणून बोललो नाही."

"मंग आदी सांगायचं न्हाई?"

"तुम्ही कधी आलाच नाहीत."

सूप थांबलं. मालनबाईनं एक खडा वेचून अंगणात टाकला. "बस," ती म्हणाली आणि ओसरीच्या कडेकडं बोट केलं. तो कडेवर टेकला.

"त्यो बसनार कुठं?" तिनं विचारलं.

"मागच्या जागेवर. पुढं दुसरा माणूस."

"बुडाखाली काय?"

"प्लायवूड. लाकडाचे पापुद्रे एकावर एक चिकटवून केलेलं." त्यानं अंगठा आणि बोट जवळ आणून जाडी दाखवली.

"येवढंच?"

"एवढंच. पण त्याच्याखाली आडव्या पट्ट्या आहेत."

"पडंल का?"

"कुठलंही विमान पडू शकतं, बाईसाहेब. चांगली बांधलेलीसुद्धा पडलेली मी बघितलीत. आमच्या हयगयीनं पडू नये, तेवढं आमच्या हातात आहे."

ती त्याच्याकडं बघत राहिली. कुणीतरी असं उत्तर द्यावं म्हणूनच ती थांबली असावी, कारण तिचा चेहरा थोडा सैल पडला. "आप्पा म्हनतो, पडायचं नावच काढू नको. लबाड बोलतो. गहिनीबी असाच म्हनला हुता, काय न्हाई होत म्हनून." मग तिनं एकदम विचारलं, "तू बसलायस का कदी? वर?"

"नाही."

"येवडी लढाई केली, आन् न्हाई?"

"आमचं काम जमिनीवर. पायलट बोलवायचे. मी काहीतरी हातात काम आहे म्हणून टाळायचो." त्यानं खाली बघितलं. "भीती वाटायची."

"आन् माज्या पोराला बसवाया निघालायस."

अंगणात कोंबडी दाणे टिपत होती.

"बैल इकनारा आदी सोता गाडी जुपून दावतो," मालनबाई म्हणाली. "माजा बाप तसंच करायचा. ज्यानं बांदलं त्यानं बी बसायचं. मंग माजी ना न्हाई."

"बसेन," तो म्हणाला. शब्द तोंडातून गेल्यावर त्याला आपण काय बोललो ते कळलं.

घरी येऊन त्यानं मार्थाला सांगितलं. ती कृपाला वरणभात भरवत होती. तिनं घास मुलीच्या तोंडात घातला, बोटं निरपली आणि म्हणाली, "बसा की. कापड मी शिवलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मालनबाई पुढच्या दारानं गोदामात आली. हात राखेनं आणि शिकेकाईनं घासून इतके कोरडे करून आली होती की बोटांच्या पेरांवर भेगा दिसत होत्या. काखेत जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे. आप्पासाहेब काचकागद हातात धरून बघतच राहिले.

"कुटनं पुसायचं?" तिनं शांतवनला विचारलं.

त्यानं तिला नाकाकडची बाजू दिली. स्पिरिट कापडावर घ्यायचं, एकाच दिशेनं ओढायचं, कापड मळलं की फेकायचं, तेच परत फिरवलं तर तेल पुसलं जात नाही, नुसतं पसरतं. तिला दोनदा सांगावं लागलं नाही, पण ती दमायची. मध्येच टेकायची आणि मार्थाशी बोलायची. मार्थाला माहेर कुठलं, भावंडं किती, हे विचारून झालं. मग स्वतःचं सांगू लागली. गहिनीनाथ लहानपणी कडब्याच्या गंजीवरून उडी मारायचा ते सांगितलं. लेकाचं नाव तिच्या तोंडून इतक्या सहज निघालेलं आप्पासाहेबांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. ते पंखाआड घासत राहिले, पण हात हळू चालत होता.

पहिल्या दिवशी तहान लागल्यावर ती घरी जाऊन पाणी पिऊन आली. पुढं एकदा ऊन फार होतं. मार्थाचा माठ दाराशी सावलीत होता. मालनबाई त्याच्याकडं जराशी बघत उभी राहिली, मग स्वतःच ओगराळ्यानं पाणी काढून प्यायली आणि कामाला लागली. मार्थानं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

त्या पहिल्या सकाळी शांतवन शेपटाकडं होता. तिथंही तेलाचा ठसा होता, आडवं शेपूट अंगाला जिथं जोडलेलं होतं, बरोबर त्या सांध्यावर. तो पुसता पुसता थांबला.

तो सांधा त्यानं भर पावसाळ्यात बसवला होता. सरस धरायला हवा कोरडी लागते, आणि त्या आठवड्यात झड उघडली नव्हती. नंतर बघितलं तेव्हा कडेला केसाएवढी फट दिसली. त्यानं सांधा हलवून बघितला, हलला नाही. लांबी भरली, घासली, विसरला. निदान विसरलो असं त्याला वाटलं होतं. आता उंच कुठंतरी, पुढच्या जागेवर आपण बसलोय आणि मागं हा सांधा आहे, असं चित्र डोळ्यांपुढं आलं.

त्यानं चाकूचं टोक घेऊन लांबी खरवडली. फटीत टोक घातलं. ते अडायला हवं होतं. अडलं नाही. बोटाच्या पेराएवढं आत गेलं.

तो चाकू तसाच धरून बसला. सांधा उघडा पडला याचं त्याला तितकं वाईट वाटलं नाही. सांधे सुटतात, परत बसवता येतात. पण कालपर्यंत आप्पासाहेब एकटेच वर जाणार होते, आणि कालपर्यंत त्यानं हे उकरलं नव्हतं. ते काही केल्या मनातून जाईना.

"आप्पासाहेब, जरा इकडं या."

आप्पासाहेबांनी वाकून बघितलं. चाकूचं टोक स्वतः आत घालून बघितलं.

"तो साहेब तपासून गेला होता की."

"तेव्हा शेपूट चढवलं नव्हतं."

"मग हे कुणाला कळलं नसतं."

"नसतं कळलं."

"आज कसं काय उकरलंस?"

शांतवननं सरळ सांगितलं. "आता मी पण बसणार आहे म्हणून."

मालनबाईच्या हातातलं कापड थांबलं होतं. आप्पासाहेबांचा चेहरा लाल झाला, काहीतरी जोरात बोलणार असं वाटलं, पण ते उठून बाहेर गेले. लिंबापाशी बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांच्या आवाजात राग होता, पण तो ओसरलेला.

"सांगितलंस तरी," ते म्हणाले. "मीही काल ठशांवरून अस्तर मारायला निघालो होतो. चल. किती दिवस लागतील?"

"सांधा कापून काढावा लागेल. नवीन लाकूड, नवीन सरस. पाडवा जाईल."

"जाऊ दे पाडवा."

चावडीवर सांगायला ते स्वतःच गेले. लोक हसले. "आप्पासायबाचं इमान बैलासारकं बसलं व्हय?" असं कुणीतरी म्हणालं. आप्पासाहेब त्यांच्याबरोबर हसले आणि घरी येऊन जेवले नाहीत. पाडव्याला गावात गुढ्या उभ्या राहिल्या तेव्हा विमानाचं शेपूट शिकंज्यात आवळून पडलेलं होतं. शांतवन रोज सकाळी शिकंज्याला हात लावून बघायचा आणि काहीच करायचं नसल्यानं अंगणात कृपासाठी लाकडाचं घोडं तासत बसायचा.

सांधा पक्का झाला. शांतवननं त्यावर आपलं सगळं वजन टाकून बघितलं, मग आप्पासाहेबांनी टाकलं. मालनबाईनं मुठीनं ठोकलं आणि कान लावला. "भरीव हाय," ती म्हणाली. पुन्हा लांबी, पुन्हा काचकागद, पुन्हा स्पिरिट.

अस्तराची सकाळ उजाडली ती अगदी निवांत. आदल्या संध्याकाळी जमिनीवर पाणी मारून धूळ बसवली होती. लिंबाचं पानही हलत नव्हतं. शांतवननं अस्तराचा डबा उघडून काठीनं तळापर्यंत ढवळला. गेरूसारखा तांबडा रंग वर आला. त्यानं तो कापडातून गाळून चार भांड्यांत ओतला आणि चौघांना रुंद ब्रश दिले.

"पातळ घ्यायचं. दाबायचं नाही. एकदा ओढलेल्या जागी परत जायचं नाही, कितीही जावंसं वाटलं तरी."

आप्पासाहेब आणि शांतवन नाकापासून दोन बाजूंनी निघाले. मार्थानं पंख घेतले, ते तिचेच होते. मालनबाईला शेपटाचं उभं पान दिलं. तिनं आयुष्यभर भिंती सारवल्या होत्या, त्यामुळं पहिले काही हात गोलगोल गेले. मग तिचं तिनंच ब्रश सरळ ओढायला घेतला. बराच वेळ नुसता ब्रशांचा आवाज येत राहिला. कृपा दाराबाहेर घोडं ओढत होती, तिलाही आज आत यायचं नाही हे कळलं होतं.

अस्तर एक गोष्ट करतं. उघड्या लाकडावर जे दिसत नाही ते सगळं एका रंगाखाली दिसायला लागतं. वाळल्यावर ओरखडे दिसले, एका बाजूला काचकागदाच्या रेघा दिसल्या, एका ठिकाणी आप्पासाहेबांच्या अंगठ्याएवढा खळगा. त्यांनी तो बघून जीभ चावली. दुसऱ्या दिवशी तेवढी जागा घासून पुन्हा हात मारला. मालनबाईचे ठसे जिथं होते तिथं सगळ्यांनी जवळ जाऊन बघितलं. अस्तर सगळीकडं सारखं धरलं होतं. शांतवननं नखानं ओढून बघितलं, निघालं नाही.

आता सगळं विमान एका तांबड्या रंगाचं झालं होतं. लाकूड कुठलं, कापड कुठलं, पत्रा कुठला, ते लांबून ओळखू येईना. मालनबाई दारात उभी राहून बघत होती.

"असंच ऱ्हाऊ द्या की," ती म्हणाली. "कौलाच्या रंगाचं हाय. पिवळं कशाला?"

"आई, पिवळं लांबून दिसतं."

"मंग दे पिवळं," ती म्हणाली.

पिवळा रंग द्यायला फारसा वेळ लागला नाही. खालचं काम झालेलं असलं की रंग आपसूक बसतो. चैत्र संपता संपता एका पहाटे सीना नदीच्या बाजूच्या पडीक माळावर बैलांनी ओढत विमान नेलं. आप्पासाहेबांनी आधी नुसतंच जमिनीवरून पळवून बघितलं, वळवलं, परत पळवलं. मग त्यांनी हात वर केला. शांतवन पुढच्या जागेत चढला. पट्टा बांधून त्यानं तो दोनदा हिसका देऊन बघितला.

चाकांचा खडखड आवाज एकदम बंद पडला. त्यावरूनच त्याला कळलं की जमीन सुटली. डोळे मिटले होते ते त्यानं उघडले. पंख तसेच ताठ होते. खाली सीनेचं कोरडं पात्र, त्यात मध्येमध्ये पाण्याची डबकी उन्हात चमकत होती. मिरजगाव एवढंसं, सडक दोऱ्यासारखी. भीती गेली नव्हती, पण ती आता एका कोपऱ्यात बसून तीही बघत होती. त्यानं मान वळवून शेपटाकडं बघितलं. आप्पासाहेबांना वाटलं तो काही सांगतोय. त्यांनी भुवया उंचावल्या. शांतवननं मान हलवली आणि पुन्हा समोर बघू लागला.

उतरताना विमानानं दोन उड्या मारल्या आणि मग ते सरळ धावून थांबलं. माळावर जमलेलं गाव ओरडत पुढं आलं. मालनबाई जागची हलली नाही. लेक खाली उतरून चालत येईपर्यंत ती उभी होती. मग तिनं त्याचा दंड घट्ट धरला, वर-खाली बघितलं आणि सोडला. शांतवनला म्हणाली, "बसलास."

"बसलो."

"आता घरी चल. च्या घे." आणि मार्थाकडं वळून, "तू बी चल."

"येते," मार्था म्हणाली. पण ती विमानाकडं बघत होती. तिनं कृपाला मालनबाईच्या कडेवर दिलं, पदर कमरेला घट्ट खोचला आणि आप्पासाहेबांना विचारलं, "इंधन आहे का अजून?"

आप्पासाहेबांनी शांतवनकडं बघितलं. शांतवन काही बोलण्याआधीच मार्थानं चपला काढून गवतात ठेवल्या आणि पंखावर पाय दिला.

"मधल्या पट्टीवर पाय ठेव," शांतवन एवढंच म्हणाला.

"मला ठाऊक आहे," मार्था म्हणाली आणि पुढच्या जागेत जाऊन बसली.